ऊन न येणाऱ्या खोलीत बियांपासून मिरची: पहिल्या खेपेला काय सांभाळायचं

प्रश्न: खोलीत थेट ऊन येत नाही. दोन फूट बाय दोन फूट जागा मोकळी आहे. दिवा लावून बियांपासून मिरची वाढवायची आहे, आधी कधी केलेलं नाही. दिवा कोणता, माध्यम (मातीऐवजी कुंडीत भरायचं मिश्रण) कोणतं, पाणी किती, खत कधी, आणि लोकांचं नेमकं कुठे चुकतं?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू या, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. घरात वाढवलेली जी रोपं जातात, त्यांतली बहुतेक पहिल्या चार आठवड्यांत जातात, आणि त्यामागे जवळजवळ नेहमी दोन गोष्टी एकत्र असतात: पाणी जास्त आणि उजेड कमी. कमी उजेडात रोप पाणी ओढत नाही. पाणी ओढलं गेलं नाही की माध्यम ओलंच राहतं. ओल्या माध्यमात हवा नसते, मुळं गुदमरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मग पानं पिवळी पडतात, ती पाहून माणूस खत घालतो आणि उरलीसुरली मुळंही करपतात. म्हणून बियांचं पाकीट उघडण्याआधी दिवा, ऊब आणि माध्यम तयार ठेवा, दिवा एक दिवस चालवून खोलीचं तापमान किती चढतं ते बघा, आणि मगच बी टाका.

दिवा

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटकडे लक्ष देऊ नका. "१००० वॅट" लिहिलेला दिवा प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॅटच ओढत असतो, असं सर्रास दिसतं. विचारायचे आकडे दोन: भिंतीतून खरोखर किती वॅट ओढतो, आणि एका ज्यूलला, म्हणजे खर्चलेल्या विजेच्या मानाने, किती मायक्रोमोल प्रकाश देतो (हीच दिव्याची कार्यक्षमता). चांगल्या एलईडी बोर्डाचा दुसरा आकडा २.५ किंवा त्याच्या वर असतो.

झाडाला मिळणारा प्रकाश पीपीएफडी या मापात मोजतात, म्हणजे एक चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे मायक्रोमोल. मिरचीच्या कोवळ्या रोपांना १५० ते २००, सहा-आठ खरी पानं (बीजपत्रं, म्हणजे उगवताना निघणारी पहिली दोन पानं, सोडून नंतरची) आल्यावर ३००, आणि फुलं-फळं धरताना ४०० ते ५०० पुरतात. तुमची जागा साठ से.मी. बाय साठ से.मी., म्हणजे ०.३६ चौरस मीटर. तिथे ४०० हवे असतील तर सेकंदाला १४४ मायक्रोमोल लागतात. २.५ कार्यक्षमतेच्या दिव्याला त्यासाठी ५८ वॅट पुरतील, पण थोडा प्रकाश बाजूला सांडतो, थोडा भिंती खातात, म्हणून ८० वॅट धरा. उजेड कमी-जास्त करता येणारा १०० वॅटचा पांढरा बोर्ड या जागेला उत्तम. ८० वॅट १६ तास म्हणजे दिवसाला १.२८ युनिट वीज.

पीपीएफडी मोजायचं यंत्र महाग असतं आणि पहिल्या खेपेला त्याची गरज नाही. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप वापरा. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला ७० ने भागलं की पीपीएफडीचा कामचलाऊ अंदाज येतो. रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर साडेदहा हजार लक्स म्हणजे साधारण १५०, अठ्ठावीस हजार म्हणजे ४००. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, पण जागेचा मधला भाग आणि कोपरे यांतला फरक त्यात लगेच दिसतो, आणि तो फरक बराच असतो. जांभळ्या दिव्याखाली हा हिशेब चालत नाही. जांभळा दिवा मुळात घेऊच नका. झाड त्याखालीही वाढतं, पण पानाचा खरा रंग दिसत नाही, आणि पानाचा रंग वाचता आला नाही तर रोग, कीड, खताची कमतरता सगळं उशिरा कळतं. ३५०० ते ४००० केल्विनचा साधा पांढरा प्रकाश रोपापासून फळापर्यंत पुरतो. "रोपाचा दिवा वेगळा, फुलांचा वेगळा" या भानगडीत पडायची गरज नाही.

वेळ १६ तास चालू, ८ तास बंद, आणि तो टायमरनेच. बहुतेक मिरच्यांना फुलं येण्यासाठी दिवस-रात्रीची लांबी बदलावी लागत नाही, त्यामुळे वेळापत्रक शेवटपर्यंत तेच ठेवता येतं. चोवीस तास दिवा चालू ठेवून वाढ दुप्पट होत नाही. उलट पानं फिकट पडतात आणि वेडीवाकडी होतात. उन्हाळ्यात दिवा रात्री चालू आणि दिवसा बंद ठेवा. झाडाला घड्याळ कळत नाही, पण दिव्याची उष्णता दुपारच्या उकाड्यात मिसळत नाही, हा फायदा मोठा.

उंची: शंभर वॅटचा बोर्ड निम्म्या ताकदीवर ४५ ते ५० से.मी. वर टांगून सुरुवात करा आणि मग रोपाकडे बघा. बीजपत्रं आणि पहिली खरी पानं यांतलं अंतर वाढत चाललं, खोड दोऱ्यासारखं लांबलं, तर उजेड कमी आहे. पानांच्या कडा वर वळून पान पन्हाळीसारखं झालं, शेंड्याकडचा हिरवा रंग उडाला, तर जास्त आहे. फक्त ट्यूबलाइटसारखे एलईडी बॅटन असतील तर ते रोपांपासून १० ते १५ से.मी. वरच ठेवावे लागतात आणि रोपं वाढतील तसे रोज वर सरकवावे लागतात.

भिंतींना आतून साधा पांढरा मॅट रंग किंवा पांढरा प्लास्टिकचा पत्रा लावा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चुरगळलेली फॉइल लावू नका, ती पांढऱ्या रंगाइतकाही प्रकाश परत देत नाही. वायरींबद्दल एकच, पण कटाक्षाने पाळायचं: एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीवर उंच लावायचा, आणि दिव्याची वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी सोडायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता झोळातून खाली पडतं.

बी रुजवणं

मिरचीच्या बीला उजेड लागत नाही, ऊब लागते. माध्यमाचं तापमान २६ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर नेहमीच्या मिरच्या, म्हणजे हालापेन्यो, केयेन आणि बहुतेक हिरव्या-लाल लांब मिरच्या, ७ ते १४ दिवसांत उगवतात. हाबानेरो, भूत जोलोकिया यांसारख्या जहाल जाती वेगळ्या प्रजातीच्या आहेत. त्यांना तीन आठवडे सहज लागतात, कधी पाच. २० अंशांच्या खाली दोन्ही रेंगाळतात आणि ३५ च्या वर उगवण घसरते. "बी खराब निघालं" ही तक्रार करण्याआधी थर्मामीटरचं टोक माध्यमात खुपसून बघा. ओलं माध्यम बाष्पीभवनाने थंड होतं, त्यामुळे ते खोलीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी खालीच असतं. खोली २२ अंशांवर असेल तर बी १९-२० वर बसलेलं असतं. अशा वेळी ट्रेखाली थर्मोस्टॅटचा हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) ठेवा आणि त्याचा सेन्सर माध्यमात ठेवा, हवेत नाही. थर्मोस्टॅटशिवायचा मॅट बंद खोलीत ट्रे ४० अंशांपर्यंत तापवू शकतो आणि बी उकडून निघतं.

जुनं किंवा हट्टी बी असेल तर पोटॅशियम नायट्रेटच्या ०.२ टक्के द्रावणात, म्हणजे लिटरला २ ग्रॅम, ८ ते १२ तास भिजवा. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळाही मिरचीची सुप्तावस्था मोडायला हेच द्रावण वापरतात. ताज्या बीला साधं कोमट पाणी पुरतं. चोवीस तासांहून जास्त कुठलंच बी बुडवून ठेवू नका, त्याला श्वास घ्यायला प्राणवायू लागतो.

रुजवायचं माध्यम: बारीक चाळलेलं, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग आणि वर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) एक भाग. खत काही नाही, गांडूळखतसुद्धा नाही. बीमध्ये पहिल्या दोन पानांपुरता साठा असतो आणि ओल्या, उबदार जागेत सेंद्रिय खत टाकलं की बुरशी आणि चिलटं दोन्ही येतात. माध्यम किती ओलं हवं? मूठभर घेऊन घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त. एवढी एक परीक्षा प्रत्येक वेळी करा.

पन्नास किंवा अठ्ठ्याण्णव खळ्यांच्या ट्रेमध्ये बी ०.७ ते १ से.मी. खोल टाका, वर माध्यम पसरून बोटाने अलगद दाबा. बी पुरेसं खोल टाकण्यात आळस करू नका. बी अगदी वर राहिलं तर त्याचं कवच घासून निघायला माती मिळत नाही आणि रोप डोक्यावर टोपी घेऊनच बाहेर येतं. आत बीजपत्रं अडकलेली असतात. टोपी दिसली की ओढू नका. दिवसातून दोन-तीनदा त्यावर पाण्याचा फवारा मारा, कवच मऊ पडलं की पुष्कळदा आपोआप सुटतं. दोन दिवसांत सुटलं नाही तर बारीक चिमट्याची टोकं कवचाच्या फटीत घालून चिमटा उघडायचा, म्हणजे कवच आतून फाकतं. बाहेरून पकडून खेचलं की बीजपत्रांसकट शेंडा हातात येतो.

ओल्या टिश्यूत बी रुजवून मग लावायची पद्धत चालते, पण मूळ पाच मि.मी. झालं की लगेच हलवावं लागतं. त्याहून लांब मुळाचं टोक टिश्यूच्या धाग्यांत शिरतं आणि सोडवताना मोडतं. पहिल्या खेपेला थेट ट्रेमध्ये टाकणं सोपं आणि सुरक्षित. दोन झाडं हवी असतील तर सहा-आठ बिया टाका.

ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा. माध्यमातून वाकलेल्या आकड्यासारखं खोड वर आलेलं दिसलं की दिवा सुरू करायचा, त्याच दिवशी. उगवलेलं रोप एक दिवसही अंधारात राहिलं तर जे लांबतं ते पुन्हा आखूड होत नाही. निम्म्या बिया वर आल्या की झाकण काढा आणि मॅट बंद करा. उरलेल्या बियांसाठी झाकण ठेवून सगळी रोपं गमावण्यापेक्षा दोन-तीन बिया गेलेल्या परवडतात.

रोपं कोलमडणं

संध्याकाळी ठणठणीत असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं. जवळून बघा: पानं अजून हिरवी, पण माध्यमाच्या पातळीवर खोड चिमटा काढल्यासारखं बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेलं. हाच मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी तो घडवतात आणि पडलेल्या रोपावर उपाय नाही. ते रोप त्याच्या खळ्यातल्या माध्यमासकट उचलून बाहेर टाका, ट्रेला पाणी देणं थांबवा आणि पंखा लावा.

टाळायचा मार्ग मात्र हातात आहे. ट्रे जुना असेल तर धुऊन ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवून सुकवा. वापरलेलं माध्यम पुन्हा बियांसाठी वापरू नका. पाणी वरून न ओतता ट्रेच्या खाली द्या, वीस मिनिटांनी उरलेलं पाणी ओतून टाका, आणि पृष्ठभागाचा रंग फिका पडेपर्यंत पुन्हा देऊ नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपकारक बुरशी) वापरायची असेल तर बी टाकताना, पाकिटावरच्या मात्रेने, माध्यमात मिसळा. रोग दिसल्यावर घालून फारसा उपयोग होत नाही.

छोटा पंखा पहिल्या खऱ्या पानापासून चालू ठेवा. रोपं किंचित हलताना दिसली पाहिजेत, वाकता कामा नयेत. हलत्या हवेने पृष्ठभाग सुकतो आणि हलणारं खोड जाडही होतं.

कुंडी बदलणं

दोन ते चार खरी पानं आली की रोप अर्ध्या लिटरच्या कुंडीत हलवा. पंधरा-वीस से.मी. उंच झालं आणि कुंडीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावू लागली की शेवटच्या कुंडीत, म्हणजे ८ ते १२ लिटरच्या. तुमच्या जागेत अशी दोन झाडं मोकळेपणाने मावतात, चार मावत नाहीत.

"थेट मोठ्या कुंडीत लावलं तर हलवाहलव वाचेल" हा विचार मोहाचा आहे, पण चार पानांचं रोप दहा लिटर ओलं माध्यम सुकवू शकत नाही. वरचा थर कोरडा दिसतो, खाली आठवडाभर चिखल असतो. लहान कुंडी दोन-तीन दिवसांत सुकते, मुळांना ओलं-सुकं चक्र मिळतं आणि ती पसरतात.

टोमॅटोचं लांबलेलं रोप खोल लावून सावरता येतं, कारण त्याच्या खोडाला सहज मुळं फुटतात. मिरचीचं तसं नाही. बीजपत्रांच्या खालपर्यंत लावलं तर चालतं, त्याहून खोल लावलं तर खोड कुजण्याचा धोका जास्त. लंबुळकं झालेलं रोप काडीला सैल बांधा आणि दिवा जवळ आणा.

कुंडीसाठी कोकोपीट सत्तर टक्के आणि परलाइट (माध्यमात हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खडे) तीस टक्के. कोकोपीटची वीट स्वस्तातली असेल तर आत मिठाचा अंश असतो. फुगवून भरपूर पाण्याने धुवा, पिळून निघालेल्या पाण्याची ईसी (पाण्यात किती क्षार आहेत ते दाखवणारी विद्युतवाहकता, मिलिसीमेन्स प्रति से.मी. मध्ये) ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग लिटरला दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि पुन्हा धुवा. कोकोपीटच्या तंतूंवर सोडियम आणि पोटॅशियम चिकटलेलं असतं, ते सोडून तंतू कॅल्शियम धरतात. हे आधी केलं नाही तर तुम्ही दिलेलं कॅल्शियम महिनाभर कोकोपीटच खातं आणि झाडाची नवी पानं सुरकुतलेली येतात.

पाणी

"दिवसाआड एक ग्लास" असं उत्तर देता येत नाही, आणि कोणी दिलं तर मानू नका. पाणी कुंडीच्या वजनावर द्यायचं. कुंडी भरल्यावर, खालून पाणी निथळून गेल्यावर, दोन्ही हातांनी उचलून वजन लक्षात ठेवा. मग रोज उचला. वजन साधारण निम्म्याने कमी झालेलं जाणवलं की पाणी द्या. सवय होईपर्यंत वजनकाटा वापरा: अर्ध्या लिटरची कुंडी भरल्यावर किती ग्रॅम आणि पानं किंचित मलूल होण्याआधी किती ग्रॅम, हे दोन आकडे कुंडीवर लिहून ठेवले की काम सोपं होतं. देताना मात्र पुरतं द्या, खालून दहा-वीस टक्के पाणी बाहेर येईपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाका.

जास्त पाण्याने आणि कमी पाण्याने, दोन्हींत पानं माना टाकतात, आणि इथेच फसगत होते. कुंडी हलकी आणि पानं पातळ, लुळी: तहान. कुंडी जड आणि पानं देठापासून खाली वळलेली, पण टणक: मुळं गुदमरताहेत, पाणी बंद. वजन न बघता निव्वळ पानांवरून पाणी देऊ नका.

खत

कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न नसतं, त्यामुळे पहिलं खरं पान पूर्ण उघडलं की प्रत्येक पाण्यात थोडं खत हवं. ईसी मीटर आणि पीएच तपासायचे थेंब या दोन गोष्टींत कंजुषी नको. रोपांना ईसी ०.६ ते ०.८, कुंडीतल्या वाढत्या झाडाला १.२ ते १.४, फळं धरल्यावर १.६ ते २.०. पीएच ५.८ ते ६.२.

१९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या टक्क्यांत असलेलं विद्राव्य खत) सहज मिळतं म्हणून सगळे तेच वापरतात. घरातल्या कोकोपीटसाठी ते मला पसंत नाही. त्यातला नायट्रोजनचा मोठा वाटा बहुधा युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू युरियाचं नायट्रेट करून देतात, नव्या कोकोपीटमध्ये ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय युरियावर विद्युतभार नसल्यामुळे तो ईसी मीटरवर दिसतच नाही, म्हणजे मीटर कमी दाखवतो आणि घातलेलं जास्त असतं. त्याऐवजी पाण्यावरच्या शेतीसाठी मिळणारी ४-१८-३८ सारखी पावडर, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट २:२:१ या प्रमाणात घ्या. पूर्ण ताकदीला लिटरला ०.६ ग्रॅम पावडर, ०.६ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ०.३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. रोपांना याच्या निम्मं. आधी पावडर आणि मॅग्नेशियम सल्फेट भरपूर पाण्यात पूर्ण विरघळवायचं, कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून शेवटी ओतायचं. दोन्ही दाट अवस्थेत एकत्र आली तर कॅल्शियम हे सल्फेट आणि फॉस्फेटशी बांधलं जाऊन तळाला पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ झाडाच्या काहीच कामाचा नाही. तुमच्या नळाच्या पाण्याची ईसी आधी मोजा. ती ०.४ च्या वर असेल तर तेवढं मोजमापात धरा.

पीएच उतरवायला लिंबूसत्व चालतं, पण द्रावण त्याच दिवशी संपवा. जिवाणू ते खातात आणि पीएच पुन्हा चढतो. फॉस्फोरिक आम्ल जास्त टिकतं. ते थेंबाथेंबाने, हातमोजे घालून, पाण्यात आम्ल असंच मिसळायचं, उलट नाही.

पान वाचताना पहिला प्रश्न: जुनी पानं की नवी? जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी. तेच चित्र नव्या पानांत असेल तर लोह कमी, आणि बहुतेक वेळा लोह कमी नसतं, पीएच चढलेला असतो. सगळं झाड खालून सरसकट फिकट: नायट्रोजन. पानांची टोकं जळकी आणि पान गडद हिरवं: खत जास्त. फळाच्या टोकाला खोलगट, तपकिरी, चामड्यासारखा डाग पडला तर तिथे कॅल्शियम पोचलेलं नाही, पण ते कमी घातलं म्हणून नव्हे, तर कुंडी मधेच पूर्ण सुकल्यामुळे. कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं. पाण्याची लय सुधारा, पुढची फळं नीट येतील.

कधी पानांच्या खालच्या बाजूला साखरेच्या कणांसारखे किंवा फोडासारखे बारीक उंचवटे दिसतात. कीड समजून औषध मारू नका, आधी भिंगातून बघा. हलणारं काही नसेल आणि हवा दमट असेल तर पेशी पाण्याने फुगल्या आहेत. अतिनील किरण नसलेल्या एलईडीखाली मिरचीत हे होतं. हवा खेळती ठेवा, पाणी थोडं कमी करा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास आणा.

कीड

बंद खोलीत कीटक खाणारे कीटक नसतात, म्हणून थोडी कीडही झपाट्याने वाढते. आठवड्यातून एकदा भिंग घेऊन शेंडा आणि पानांची खालची बाजू बघणं हा खरा बंदोबस्त.

पानं होडीसारखी वर वळली असतील तर फुलकिडे. खाली वळली, अरुंद झाली, शेंडा ठेंगणा आणि तांबूस-चकचकीत झाला तर कोळी. हा कोळी साध्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे लोक त्याला खताची कमतरता समजून आठवडे घालवतात. शेंड्यावर चिकट गोडसर थर असेल तर मावा. मावा आणि फुलकिड्यांवर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मि.लि. आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब, पानांच्या खालून, दिवा बंद झाल्यावर, पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा. दिवा चालू असताना तेल फवारलं तर पानं भाजतात. कोळ्यावर निंबोळी तेल कमी पडतं. बाधित शेंडे छाटून टाका आणि दोन ते तीन फवारे पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाचे, पाकिटावरच्या मात्रेने, द्या. पण तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या, जवळजवळ मारलं तर पानं करपतात.

कुंडीवर घोंघावणारी काळी चिलटं पानांना त्रास देत नाहीत, त्यांच्या अळ्या ओल्या थरात कोवळी मुळं खातात. बटाट्याची चकती माध्यमावर ठेवा. एक-दोन दिवसांत उलटून बघितली की काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या तिला चिकटलेल्या दिसतात. वरचे दोन से.मी. माध्यम सुकू देणं, पिवळे चिकट सापळे आणि पाण्यातून बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू देणं, या तीन गोष्टी एकत्र केल्या तरच ती जातात.

घरात कोणी तंबाखू हाताळत असेल तर रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांनी मिरचीवर येतो आणि त्यावर औषध नाही.

शेंडा, फुलं, फळं

मिरचीचं खोड आठ-बारा पानांनंतर आपोआप दुभंगतं आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. ते खुडा, पुढच्या दहा-पंधरा दिवसांत येणारी फुलंही खुडा. झाड लहान असताना फळ धरलं तर वाढ थांबते. दिव्याखाली झाडाला उंच वाढायला जागा मर्यादित असते, म्हणून सहावं-सातवं खरं पान आल्यावर शेंडा खुडला तर झाड बुटकं आणि पसरट होतं, सगळ्या फांद्यांना सारखा उजेड मिळतो. पहिलं फळ दोन आठवडे उशिरा येईल, पण येणारी फळं जास्त असतील. जहाल जाती मुळातच संथ असतात, त्यांचा शेंडा खुडू नका.

परागीभवनासाठी मधमाशी लागत नाही, एकाच फुलात नर-मादी भाग असतात. दिवा लागल्यानंतर दोन-तीन तासांनी फांदीवर बोटाने टिचक्या मारा, किंवा विजेवर चालणाऱ्या टूथब्रशची पाठ फुलाच्या देठाला क्षणभर टेकवा. फुलं उघडूनही गळत असतील तर तापमान बघा. दिवसा ३२ च्या वर, किंवा दिवा बंद असताना २४ च्या वर किंवा १५ च्या खाली गेलं की फळ धरत नाही. नायट्रोजन जास्त झाला तरी तेच. दिवा चालू असताना २४ ते २८ आणि बंद असताना १८ ते २२ हा पट्टा धरून ठेवा.

नेहमीच्या जातींना शेवटच्या कुंडीत गेल्यापासून पिकलेल्या फळापर्यंत दोन ते तीन महिने लागतात, हाबानेरो गटाला चार महिनेही. फळ ओढून तोडू नका, कात्रीने देठासकट कापा, ओढलं की फांदी बेचक्यात फाटते.

पुढच्या खेपेसाठी बी ठेवायचं असेल तर आधी पाकीट बघा. संकरित वाणाचं बी ठेवून उपयोग नाही, पुढच्या पिढीत झाडं एकासारखी एक निघत नाहीत. सरळ वाण असेल आणि शेजारी दुसरी मिरची असेल तर उमलण्याआधीच कळीवर पातळ जाळीची पिशवी बांधा, फळ धरल्यावर ती काढून देठाला दोरा बांधून खूण करा. ते फळ झाडावरच पूर्ण रंगू द्या, मग हातमोजे घालून बी काढा, कागदावर सावलीत वाळवा. वाकवल्यावर बी न लवता मोडलं की वाळलं. हवाबंद बाटलीत, थंड आणि कोरड्या जागी ते दोन ते चार वर्षं चांगलं राहतं. बाटलीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा.